सांगितलेल्याचे ऋण

विश्वासाने सांगितलेली गोष्ट कोणाच्या मालकीची? सांगणाऱ्याची, ऐकणाऱ्याची, की जो तिचा उपयोग करून दाखवितो त्याची? वरवर पाहता हा प्रश्न वकिलांचा वाटतो. वस्तुतः तो आधी सदसद्विवेकबुद्धीचा आहे. पैशाचे कर्ज घेतले म्हणजे कागद होतो, साक्षीदार उभे राहतात, फेडीची मुदत ठरते. ज्ञानाचे कर्ज घेताना यांपैकी काहीच होत नाही. एक माणूस वाटेने चालता चालता दुसऱ्याला काही सांगतो, दुसरा ते ध्यानात ठेवतो आणि दोघे आपापल्या घरी जातात. पुढे त्या सांगण्यातून संपत्ती निर्माण झाली, की मग विचारणा सुरू होते : पहिल्याचे आपण काही देणे लागतो काय? लागत असू, तर किती? आणि ते फिटले हे कोणी ठरवावे?

असे प्रश्न हवेत सोडवू गेल्यास शब्दांचाच खेळ होतो. म्हणून या लेखात आम्ही एका लहानशा वनस्पतीचा आधार घेणार आहोत. कोकणाच्या पाठीशी उभा असलेला आपला सह्याद्री दक्षिणेकडे जात जात केरळ व तमिळनाडू यांच्या सीमेवरील अगस्त्यमलै डोंगरांपर्यंत पोहोचतो. त्या डोंगरांतील ओढ्यांच्या काठी, दाट झाडांच्या सावलीत, जेथे मातीतील ओल सहसा आटत नाही अशा जागी ही वनस्पती वाढते. शास्त्रज्ञ तिला ट्रायकोपस झेलॅनिकस म्हणतात. तिची जात श्रीलंकेत व मलायाच्या बाजूलाही सापडते; पण अगस्त्यमलैच्या परिसरातील तिचा प्रकार वेगळा मानला जातो आणि आमची कथा त्याच्याविषयी आहे. उंचीला ती वीतभर, फार तर थोडी अधिक. जमिनीत तिचे खोड आडवे पसरते आणि वर्षानुवर्षे जिवंत राहते. त्यातून सडपातळ दांडे वर येतात. पान बहुधा हृदयाच्या आकाराचे, फूल लहान व जांभळट, सहज नजरेत न भरणारे. आपल्याकडच्या करांद्यांशी आणि कोनफळांशी तिचे कुळाचे नाते आहे, हे तिच्याकडे पाहून कोणाला सुचणार नाही. त्या भागातील लोक तिला आरोग्यपच्चा म्हणतात. ‘पच्च’ म्हणजे हिरवे. आरोग्याची हिरवाई, असा त्या नावाचा अर्थ.

ही हिरवाई ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती ते काणी आदिवासी. केरळात त्यांची संख्या गेल्या शतकाच्या अखेरीस सोळा ते अठरा हजारांच्या घरात होती. एके काळी रानात फिरून मध, कंदमुळे, फळे यांवर जगणारा हा समाज पुढे डोंगरउतारावरच्या वस्त्यांत स्थिरावला. त्यांच्यातील औषधी जाणणाऱ्यास ते प्लाती म्हणतात. प्लातीची विद्या गुरूकडून शिष्याकडे तोंडी जाते आणि तिच्यातील काही भाग समाजाबाहेर सांगावयाचा नसतो, असा त्यांचा दंडक आहे.

१९८७ सालच्या डिसेंबरात डॉ. पुष्पांगदन यांच्या नेतृत्वाखाली संशोधकांचे एक पथक या डोंगरांत गेले. आदिवासी समाजांना वनस्पतींविषयी काय ठाऊक आहे, याचा अभ्यास करणाऱ्या अखिल भारतीय प्रकल्पाचे ते पथक होते. वाट दाखविण्यास काणी तरुण बरोबर होते. चढण अवघड होती. संशोधक दमून बसत. वाटाडे मात्र ताजेतवाने दिसत. मधूनमधून ते एका रोपाची बारीक फळे तोंडात टाकीत असत. पाहुण्यांनाही त्यांनी ती दिली. थकवा उतरला, तेव्हा पाहुण्यांनी विचारले, हे काय आहे? वाटाडे गप्प झाले. ही आमच्या समाजाची आतली गोष्ट आहे, बाहेर सांगता येत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. खूप आग्रह झाला, ज्ञानाचा गैरवापर होणार नाही असा विश्वास देण्यात आला, आणि अखेर त्यांनी ते रोप दाखविले. कुट्टिमाथन काणी आणि मल्लन काणी ही त्या वाटाड्यांतील दोन नावे पुढे जगभरच्या अहवालांत छापली गेली.

त्यानंतरची काही वर्षे प्रयोगशाळेची. तिरुवनंतपुरमजवळ पालोड येथील वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेत या रोपाची कसून तपासणी झाली. काणी फळे खात असत. संशोधकांना पानांतही गुण आढळले. आरोग्यपच्चाच्या पानांना अश्वगंधा, पिंपळी आणि विष्णुक्रांता यांची जोड देऊन ‘जीवनी’ नावाचे औषध सिद्ध करण्यात आले. १९९५-९६ च्या सुमारास त्याच्या उत्पादनाचा परवाना कोइम्बतूर येथील एका आयुर्वेदीय औषधशाळेला सात वर्षांसाठी देण्यात आला. परवान्याचे शुल्क दहा लाख रुपये आणि विक्रीवर शेकडा दोन टक्के स्वामित्वधन, असा तो करार होता. औषधाच्या गुणांची परीक्षा हा आमचा विषय नाही. आमचे लक्ष वेधून घेतले ते पुढच्या एका निर्णयाने. मिळालेल्या रकमेचा निम्मा भाग काणींना द्यावयाचा, असे संशोधन संस्थेने ठरविले. त्या वेळी तसे करण्यास तिला भाग पाडील असा कोणताही कायदा या देशात नव्हता.

हे पैसे स्वीकारण्यासाठी १९९७ च्या नोव्हेंबरात काणींचा एक न्यास नोंदविण्यात आला आणि १९९९ साली पाच लाखांहून थोडी अधिक रक्कम त्याच्या हाती पडली. त्या पैशातून वस्तीसाठी जीप आली, मुलांच्या शिक्षणाला हातभार लागला, ज्यांनी प्रथम रोप दाखविले त्यांना बक्षीस मिळाले. २००२ साली या उपक्रमासाठी डॉ. पुष्पांगदन यांना संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाशी निगडित असलेला इक्वेटर पुरस्कार लाभला. एवढी कथा ऐकून कोणीही म्हणेल : येथे तर न्याय झाला! मग प्रश्न उरला कोठे?

प्रश्न उरतोच. किंबहुना चांगल्या हेतूने केलेल्या व्यवहारातच तो अधिक स्पष्ट दिसतो. लबाडीच्या व्यवहारात नीतिशास्त्राला फारसे काम नसते. तेथे चोर कोण हे सर्वांस दिसते. सज्जनांनी सज्जनपणे केलेल्या वाटणीत काय राहून जाते, हे पाहण्यासाठीच विचार लागतो.

पहिला आक्षेप असा, की मुळात काणींचे देणे होतेच कोठे? दिव्याने दिवा लागतो. दुसरा पेटला म्हणून पहिला विझत नाही. ज्ञान दिल्याने कमी होत नाही, म्हणून त्याची किंमत मागणे हे कोतेपणाचे लक्षण आहे. या युक्तिवादात सत्यांश आहे. प्रत्येकाने आपले ज्ञान मुठीत धरले असते तर मानवजात अजून अंधारात चाचपडत असती. परंतु दिव्याची उपमा येथे पुरी पडत नाही. काणींना जे ठाऊक होते ते नुसते वाक्य नव्हते. ते एका रोपाविषयीचे ज्ञान होते आणि ते रोप मोजक्या ओढ्यांच्या काठी वाढणारे होते. औषधाची कीर्ती पसरताच पानांना मागणी आली, रानातून रोपे चोरून उपटली जाऊ लागली. लागवड करावी, तर असे आढळले की नैसर्गिक परिसराबाहेर रोप जगते, पण त्याचा औषधी गुण राहत नाही. त्याला तेच रान आणि तीच सावली हवी असते. रानात किंवा रानाच्या कडेला काणींनी ते लावावे, तर ही वनसंपत्ती आहे म्हणून वनखात्याची हरकत. म्हणजे दुसऱ्याने दिवा पेटविला आणि पहिल्याच्या दिव्यातील तेल ओसरू लागले. जेथे देणाऱ्याचे असे काही कमी होते, तेथे ‘ज्ञान सर्वांचे’ हे वचन घेणाऱ्यालाच सोयीचे असते. शिवाय जो हे वचन उच्चारतो, तो औषध तयार झाल्यावर त्याच्या कृतीला सर्वांचे म्हणत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

दुसरा आक्षेप श्रमाचा आहे. काणींनी फळ दाखविले. औषध शास्त्रज्ञांनी केले. पानांतील गुण त्यांनी शोधला, मिश्रण त्यांनी सिद्ध केले, वर्षे त्यांनी खर्ची घातली. मग निम्मा वाटा हा उदारपणाच नव्हे काय? शास्त्रज्ञांच्या श्रमांना आम्ही कमी लेखीत नाही. परंतु श्रम केवळ प्रयोगशाळेतच होतात, ही समजूत मात्र आम्हांस मान्य नाही. रानातील असंख्य झुडपांतून हे एक निवडले जाण्यापूर्वी किती पिढ्यांनी किती पाने चघळली असतील, त्यांपैकी किती जणांना विषबाधा झाली असेल, कोणती फळे पोरांच्या हाती लागू द्यावयाची नाहीत हे किती आयांनी लक्षात ठेवले असेल! हाही प्रयोगच होता. फक्त त्याची वही कोणी ठेविली नाही. शास्त्रज्ञांची वाट जेथून सुरू झाली तेथपर्यंतची वाट कोणीतरी आधीच तुडवून ठेवली होती. तेव्हा काणींना मिळालेला वाटा ही देणगी नव्हे. नीतिशास्त्राच्या जुन्या परंपरेत न्याय म्हणजे ज्याचे त्याला देण्याची स्थिर वृत्ती, असे सांगितले आहे. दानात देणारा मोठा होतो. न्यायात देणारा केवळ ऋणमुक्त होतो. काणींकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो, याचकाच्या की धनकोच्या, यावर वाटणीचे नैतिक मोल अवलंबून आहे. रक्कम तीच असली तरी देणाऱ्याचा हात वर आहे की समोर, याने फार फरक पडतो.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि तो काणींच्या घरातूनच निघाला. रोप दाखविणारे दोघे-तिघे तरुण होते. ज्ञान मात्र सबंध समाजाचे होते. १९९५ साली वितुरा भागातील नऊ प्लातींनी केरळच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून, आमची विद्या खासगी कंपन्यांना विकू नये, अशी हरकत नोंदविली. त्यांना कोणी विचारले नव्हते. ज्या भागातील तरुण वाटाडे होते तेथील काणी न्यासाच्या बाजूने, इतर भागांतील अनेक जण दूर आणि साशंक, असे चित्र दिसू लागले. एका वाटाड्याने दमलेल्या पाहुण्यास केलेल्या मायेच्या कृतीतून एका समाजात दोन तट पडले.

येथे संमतीचा प्रश्न उभा राहतो. वडिलार्जित जमीन एका भावाने इतरांस न विचारता विकली, तर विकत घेणारा कितीही सज्जन असो, तो व्यवहार निर्दोष ठरत नाही. परंपरेने आलेली विद्या ही त्याहूनही अविभाज्य मिळकत आहे. तिच्यात हयात असलेल्यांबरोबर गेलेल्यांचा आणि येणाऱ्यांचाही वाटा असतो. मग प्रत्येक काणीला विचारावयास हवे होते काय? ते शक्य नव्हते, असे म्हणता येईल. पण सर्वांना विचारणे अशक्य आहे म्हणून कोणालाच विचारू नये, हे अनुमान चुकीचे आहे. प्लाती कोण, वडीलधारे कोण, हे अनोळखी माणसालाही वस्तीवर चार दिवस राहिल्यावर कळते. त्यांच्या ओट्यावर बसून, त्यांच्या भाषेत, ‘नाही’ ऐकण्याची तयारी ठेवून विचारणे एवढे तरी शक्य होते. आमच्या मते संमतीची खरी कसोटी हीच आहे : नकार मिळाला असता तर आपण परत फिरलो असतो काय? ज्या प्रश्नाला एकच उत्तर चालण्यासारखे असते, तो प्रश्न नसून सूचना असते.

येथे एका जुन्या ग्रंथाची आठवण होते. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे ‘हॉर्टस मलबारिकस’ हा मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांचा ग्रंथ छापला गेला. कोचीनचे डच अधिकारी व्हान र्‍हीडे यांनी तो सिद्ध केला आणि आरंभीच्या कामात मॅथ्यू नावाच्या एका कार्मेलाइट संन्याशाने त्यांना साहाय्य केले. ग्रंथाचे वेगळेपण असे, की ज्यांच्याकडून माहिती मिळाली त्यांची नावे त्यात छापली आहेत. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचे निवेदन त्याच्या लिपीत आहे. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी भाषक वैद्यांचे निवेदन नागरी अक्षरांत आहे. वसाहतीच्या काळात, सत्तेच्या मस्तीत असलेल्या लोकांनीही सांगणाऱ्याचे नाव पुसले नाही, ही गोष्ट लहान नव्हे. पण तेथेही झाडावर चढून फुले काढणारे व रानात पुढे चालणारे मजूर निनावीच राहिले. ज्याला लिहिता येत होते त्याचे नाव उरले. ज्याला केवळ ठाऊक होते त्याचे नाही.

लेखी आणि तोंडी यांतील हा भेद आजही न्यायाच्या आड येतो. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट देण्यात आले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. गोव्यातील माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा परिषदेचे महासंचालक होते. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आलेला लेख पुरावा म्हणून सादर झाला आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. या विजयाचा आम्हांस सार्थ अभिमान वाटतो. मात्र त्यातील एक गोष्ट मनाला टोचते. हळद वाचली, कारण तिच्याविषयी कोणीतरी लिहून ठेवले होते. आजीने नातवाच्या गुडघ्यावर हळद दाबली, हा पुरावा नव्हता; छापील पान हाच पुरावा होता. ज्यांच्या विद्येला छापील पान नाही, त्या काणींनी, आणि त्यांच्याप्रमाणेच आपल्या वारली, कातकरी, महादेव कोळी बांधवांनी कोणाकडे दाद मागावी? ‘जीवनी’ हे नावसुद्धा पुढे अमेरिकेतील एका कंपनीने तेथे स्वतःच्या नावावर नोंदवून घेतले.

त्यानंतर कायदे झाले. २००२ साली जैवविविधता कायदा आला व लाभातील वाटा ही कायदेशीर बाब झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा हक्क मान्य केला. २०२३ साली जैवविविधता कायद्यात दुरुस्ती होऊन, ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभ वाटून देण्याच्या बंधनातून सूट मिळाली. ग्रंथातील ज्ञान अनेक शतके सर्वांपुढे आहे, हे या सुटीमागचे कारण समजण्यासारखे आहे. परंतु आज तोंडी असलेली विद्या उद्या ग्रंथात गेली, म्हणजे सांगणाऱ्याचे देणे फिटले असे मानावयाचे काय? कायदा यावर काहीही म्हणो. विवेकबुद्धी ‘होय’ म्हणण्यास धजत नाही. कायदा किती द्यावे हे सांगतो. आपण ऋणी आहोत, ही जाणीव त्याला देता येत नाही.

आणि आमच्या मते सर्व विवेचनाचे मर्म येथेच आहे. नीतिशास्त्र असे शिकविते, की दुसऱ्याची वस्तू घेतली असेल तर नुसते दुःख वाटून भागत नाही; वस्तू परत करावी लागते. पैसा परत करता येतो, जमीन परत करता येते. सांगितलेले मात्र न सांगितलेले करता येत नाही. काणींनी ज्या क्षणी ते रोप दाखविले, त्या क्षणी त्यांच्याकडून काहीतरी असे गेले जे कोणत्याही न्यायालयाला परत मिळवून देता येणार नाही. म्हणून हे ऋण एकरकमी फिटणारे नाही. दहा लाखांच्या निम्म्याने नाही, शेकडा दोनाच्या निम्म्यानेही नाही. सात वर्षांची मुदत संपल्यावर तो करार पूर्वीसारखा पुढे चालू राहिला नाही आणि न्यासाकडे येणारा ओघ आटला. हिशेबाच्या वहीत व्यवहार मिटला. नात्यात तो मिटत नाही. ज्याची फेड पूर्ण होऊ शकत नाही ते ऋण वागवावे लागते. आईबापांचे ऋण आपण असेच वागवितो. फेडून मोकळे होत नाही, तर त्या नात्याला जागतो.

असे ऋण वागविणे म्हणजे काय? प्रथम, नाव घेणे. अमुक गोष्ट आम्हांला अमुक लोकांनी सांगितली, हे औषधाच्या वेष्टनावर, पुस्तकाच्या पानावर आणि आपल्या बोलण्यात येऊ देणे. दुसरे, विचारणे. केवळ पहिल्या वेळी नव्हे, तर उपयोग बदलेल त्या त्या वेळी पुन्हा विचारणे आणि नकाराचा मान राखणे. तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे, ती सावली राखणे. आरोग्यपच्चाला तिचा गुण तिच्या ओढ्याकाठी मिळतो. काणींची विद्याही त्या ओढ्याकाठी राहणाऱ्या माणसांत जिवंत राहते. ओढा आटला, रान तुटले, तरुण शहरात मजुरीला गेले, की मग धनादेश कोणाच्या नावे काढावयाचा? ज्याला देणे आहे तोच उरला नाही, तर देण्याचा प्रामाणिकपणा काय कामाचा?

आपल्यापैकी बहुतेकांना औषधाचा कारखाना काढावयाचा नाही. तरीही हा प्रश्न आपल्या उंबरठ्याबाहेरचा नाही. पावसाळ्यात डोंगरातील बाई टोपलीत रानभाजी घेऊन येते. आपण भाव पाडतो, आणि त्याच वेळी ती कशी निवडावी, कशी उकळावी, कोणत्या दुखण्यावर चालते, हे तिच्याकडून फुकट विचारून घेतो. पुढे तेच ज्ञान आपण चारचौघांत ‘माझ्या माहितीप्रमाणे’ म्हणून सांगतो. मळ्यातील गड्याने शिकविलेली कलमाची युक्ती, सुईणीने सांगितलेला उपाय, वडीलधाऱ्यांनी दिलेला शब्द, यांपैकी किती गोष्टींना आपण त्यांच्या धन्याचे नाव लावतो? आपले म्हणून जे ज्ञान आपण मिरवितो त्यातील बहुतेक कोणीतरी चालता चालता विश्वासाने सांगितलेले असते. त्याचा कागद झालेला नसतो, साक्षीदार नसतो, मुदत नसते. म्हणूनच ते देणे बुडविणे सोपे असते, आणि म्हणूनच ते मान्य करण्यात माणसाची खरी परीक्षा होते.